पॅनलचं तोंड उत्तरेला

आमच्या सोसायटीच्या गच्चीकडे मला आजही बघवत नाही. हिंजवडीच्या रस्त्याला सात मजली इमारत, घरटी एक-दोन इंजिनिअर, आणि गच्चीवरची सोलर पॅनलं उत्तरेकडे कललेली. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेच्या अंगानं जातो, म्हणून पॅनलही दक्षिणेकडे कलतं ठेवायचं, हे शाळकरी पोरही सांगेल. आमच्याकडे सांगायला चाळीस इंजिनिअर होते आणि सगळे गप्प बसले. त्यात मीही.

पॅनलांची दिशा ठरवायच्या मीटिंगला सेक्रेटरींनी एक वास्तुतज्ज्ञ आणले होते. सिल्कचा कुर्ता, हातात होकायंत्र, डोकं उठवणारं अत्तर. चहा फुरकत ते म्हणाले, "दक्षिणेकडे उतार? अहो, ती यमाची दिशा. घरातलं सगळं चांगलं त्या उतारानं वाहून जाईल." दिवसभर परदेशी बँकांची सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं माना डोलावत होती. पॅनल बसवणारा कंत्राटदार बिचकत म्हणाला, "उत्तरेला केलं तर थंडीत वीज कमी मिळेल, साहेब." त्यावर सेक्रेटरी म्हणाले, "आपण फक्त नट आवळा."

मी इलेक्ट्रिकल शिकलेला, पोट तेवढं सॉफ्टवेअरवर. बोलायला हवं होतं. पण त्या इमारतीत बौद्ध घर आमचं एकटंच. बोललो तर "यांचं काय, हे मानतच नाहीत" म्हणत सगळे माझ्याकडे वळून बघतील, याची भीती वाटली. हात वर करायची वेळ आली तेव्हा मीही केला. आजोबांनी दीक्षा घेतली त्याच आठवड्यात घरातले गंडेदोरे चुलीत घातले होते, आणि नातू यमाच्या भीतीला मत देऊन आला. थू!

पॅनलं मे महिन्यात बसली. तेव्हा सूर्य डोक्यावर, त्यामुळे वीज भरपूर. सेक्रेटरींनी पेढे वाटले. "बघा, म्हणत नव्हतो?" मी तो पेढा खाल्लासुद्धा. डिसेंबरात वीज इतकी घसरली की लिफ्टचंही भागेना. लोकांनी धुळीला नावं ठेवली, कबुतरांना शिव्या घातल्या आणि शेवटी गच्चीवर वास्तुशांत केली. होमाची काजळी पॅनलांवर बसली ती वेगळीच.

त्याच थंडीत वडील नागपूरहून राहायला आले. आयुष्यभर लाइनमन म्हणून खांबांवर चढलेला माणूस. दुपारी उन्हात बसायला म्हणून मी त्यांना गच्चीवर नेलं, तर ते पॅनलांपाशीच थांबले. एकदा सूर्याकडे बघितलं, एकदा पॅनलांकडे.

"हे कोणाचं डोकं?"

"मीटिंगमध्ये ठरलं, बाबा."

"तू नव्हता का तिथं?"

"नव्हतो," मी म्हणालो. "ऑफिसात होतो."

"तरीच," ते म्हणाले. "असता तर बोलला असता." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून ते समाधानानं जिना उतरायला लागले.