डिसेंबरातली उन्हाळी

सोलापुरात लघवीला जळजळ झाली म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही. उन्हाळी लागली म्हणायचं, सब्जा भिजवायचा, धण्या-जिऱ्याचं पाणी प्यायचं आणि विषय संपवायचा. माझ्या नवऱ्याला लग्नाआधी पुण्यात नोकरीला असताना अशीच उन्हाळी लागली होती. तीही ऐन डिसेंबरात! मला हे लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं, तेसुद्धा डॉक्टरांनी विचारलं म्हणून.

तोवर मूल होत नाही म्हणून माझ्या सगळ्या तपासण्या होऊन गेल्या होत्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, गर्भनळ्यांचा फोटो झाला. त्या फोटोच्या वेळी इतकं दुखलं की मी टेबलाची कड धरून नर्सवरच ओरडले. सगळं नॉर्मल निघालं. मग सासूबाईंनी पपई बंद केली, तीळ बंद केले आणि शेवटी माझी स्कूटीही बंद केली. नवऱ्याची एक साधी तपासणी करू या म्हटलं, की घरातल्या प्रत्येकाला काहीतरी काम आठवायचं.

शेवटी मीच हट्टाला पेटले आणि त्याला घेऊन गेले. रिपोर्टात शुक्राणू जवळजवळ नव्हतेच. डॉक्टरांनी विचारलं, "पूर्वी कधी जळजळ, पू, खाली सूज?"

"उन्हाळी लागली होती की. पुण्यात असताना," तो म्हणाला. "सूज बी आलती. गाडीवर लई फिरणं व्हायचं ना. बसली आपोआप."

डॉक्टर माझ्याकडे न बघता समजावत राहिले. संबंधातून लागणारे काही जंतू असतात. जळजळ थांबली तरी ते आत राहू शकतात. शुक्राणू ज्या नळीतून येतात तिला सूज येते, कधी ती बुजते. तुमचं तसं झालं असावं, पण आणखी तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पुढच्या तपासणीत जंतू निघाले. दोघांनी गोळ्या घ्यायच्या, तोवर एकमेकांपासून लांब राहायचं. गोळ्यांनी जंतू जातील, बुजलेली नळी उघडेलच असं नाही.

घरी येताना नवरा एकच वाक्य बोलला, "आईला सांगू नको." पुण्याचा राग आलाच होता, पण त्याहून जास्त राग या वाक्याचा आला. मी त्या टेबलावर कळवळत होते तेव्हा हा बाहेर चहा पीत बसला होता.

पुढे चुलत नणंदेच्या डोहाळजेवणात एका मावशींनी मला विचारलं, "तुझं काय गं?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "हिचं औषध चालू हाय." पंगतीत ताक वाढणारा माझा नवरा तिथंच उभा होता. त्यानं ऐकलं आणि पुढच्या पानाकडे वळला.

"मावशी, गोळ्या दोघांच्याही संपल्या," मी म्हणाले. "आता ऑपरेशन लागेल का ते बघायचंय. ह्यांचं."

नवऱ्यानं ताकाचं भांडं खाली ठेवलं. "खरं हाय," तो म्हणाला.

सासूबाईंनी माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात ओढलं. "अगं, असलं चारचौघांत सांगायचं असतंय व्हय?"

"आई, तुम्ही माझं सांगत होता तेव्हा कोण होतं समोर?" मी विचारलं.