सर्दीची वाफ

"भंगार दिलंस मला, भंगार. मैत्रीच्या नावाखाली विष दिलंस," असं मी सिंगापुरात पुंगोलमधल्या एका बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ओरडत होतो. माझा आवाज एवढा होता की खालून जाणारी एलआरटी ट्रेन क्षणभर थांबली असावी. शेजारच्या चिनी आजींनी दार किलकिलं करून पाहिलं आणि परत लावून घेतलं.

ज्याच्यावर ओरडत होतो तो माझा ऑफिसातला मित्र, पुण्याचाच. मी परत आणलेलं व्हेप, निकोटिन ओढायचं बॅटरीवरचं यंत्र, तो शांतपणे हातात फिरवत होता.

"आधी काय होतंय ते सांग. ओरडणं नंतर."

"काय होत नाही ते विचार. ओढलं की याच्या पोटात बेडूक असल्यासारखं गुडगुडतं. दिवा पोलिसांच्या गाडीसारखा लुकलुकतो. काल शर्टाच्या खिशात गळलं, मीटिंगमध्ये सगळ्यांना वाटलं मला छातीत काहीतरी झालंय. आणि चव? होळीत टाकलेल्या चपलेची."

हे यंत्र त्यानंच मला दिलेलं. तेव्हा सिंगापुरात ते विकायला आणि बाहेरून आणायला बंदी होतीच. जवळ बाळगणं गुन्हा झालं ते नंतर. पण मला पोलिसांपेक्षा मोठी भीती घरात होती.

त्याचं असं की आंग मो किओतल्या आमच्या घरात माझ्या बायकोनं एक दिवस जाहीर केलं, "तू सिगरेट सोडशील त्या दिवशी मी चहा घेईन." आता माझी बायको म्हणजे चहावर चालणारी बाई. चहा झाल्याशिवाय तिला स्वतःचं नाव आठवत नाही. तिनं अकरा महिने चहा सोडला. अकरा महिने डोकं धरून ऑफिसला गेली, पण व्रत मोडलं नाही. शेवटी मला लाज वाटली आणि मी सिगरेट सोडली. देवाशपथ सोडली. त्या संध्याकाळी तिनं आलं ठेचून घातलेला चहा केला, दोन कप प्यायली, आणि तिला बघून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

नवव्या दिवशी मित्रानं हे यंत्र दिलं. सिगरेट नाही, धूर नाही, नुसती वाफ. मी रोज सकाळी बाथरूममध्ये कडी लावून बसू लागलो. बाहेरून तिनं विचारलं, "काय चाललंय?" मी म्हणालो, "सर्दी झालीय. वाफ घेतोय." बघा, एका अक्षराचंही खोटं नाही. मराठी भाषेचे उपकार कुठे फेडू असं झालं होतं मला. पुढे चार महिने माझी सर्दी गेली नाही. दिवसभर यंत्र माझ्या जुन्या काळ्या बुटात झोपायचं.

मित्रानं एव्हाना टेबलावर वर्तमानपत्र पसरून ऑपरेशन मांडलं होतं. बॅटरीचं टोक टिश्यूनं पुसलं. "इथे ओल आली की दिवा लुकलुकतो," म्हणाला. रबराची रिंग नीट बसवली, "गळायचं कारण हे." मग टाकीच्या तळातली कॉइल काढली. ती तापते, तिच्यावरचा कापूस टाकीतला रस शोषतो आणि त्याची वाफ होते, एवढं मलाही ठाऊक होतं. कापूस पांढरा असतो, फार तर पिवळट. हा काळाकुळकुळीत, वर चिक्कीसारखा थर.

"नवीन बसवली होतीस ना?"

"परवाच. आठवड्यात तिसरी."

त्यानं टाकी नाकाशी नेली आणि माझ्याकडे असं पाहिलं की डॉक्टरही नातेवाइकांकडे तसं पाहत नाहीत. "यात तू काय घालतोस?"

"तूच दिलेलं. पुदिना."

"हा पुदिना नाही. पुदिन्याला गुळाचा वास येत नाही, लेका."

मी हुंगलं. गूळ, ज्येष्ठमध आणि त्याच्या मागे तो कडू, हिरवा वास. अडुळसा. सासूबाई दर वेळी पुण्याहून पाठवतात ती तपकिरी बाटली आमच्या फ्रीजच्या दारातच असते.

मित्र हसायला लागला तो थांबेचना. मला मात्र हसू येईना. पुंगोल ते आंग मो किओ सगळा प्रवास मी मनातल्या मनात भांडत होतो. बायकोनं माझ्या बुटात हात घातला. माझ्या छातीत काढा घातला. काही झालं असतं म्हणजे? चार महिने लाडानं "बरं वाटतंय का रे" विचारत होती आणि मागून हे. इतका विश्वासघात मी जन्मात पाहिला नव्हता, असं मी खरंच स्वतःशी म्हणालो.

घरी ती खिडकीशी बसली होती, हातात तिचा झाकणाचा मोठा मग. चहाचा. मी यंत्र तिच्यासमोर ठेवलं.

"यात अडुळसा तू घातलास?"

"वाफेत काहीतरी घालावं लागतं. नुसत्या वाफेनं सर्दी जात नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं. कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि काही बोलली नाहीस," माझा आवाज चिरकला. "चार महिने रोज सकाळी माझ्यासमोर बसून मजेत चहा पीत राहिलीस."

तिनं मगाचं झाकण काढून मग माझ्याकडे सरकवला.

"गरम पाणी आहे," ती म्हणाली.