काशिनाथची फुंकर

काशिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी पान सतरावर मजकूर बसवत होतो. मुलांसाठी सशांच्या शाळेचं पुस्तक. चित्रं त्याची, मांडणी माझी, आणि सतराव्या पानावर त्याच्या चित्रापुरती जागा मोकळी. त्याची बायको, सुमनवहिनी, एवढंच म्हणाल्या, "भावोजी, हे गेले." छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी फोन ठेवला आणि वेड्यासारखा त्या रिकाम्या चौकोनाचे समास सारखे करत बसलो. याला आता दोन महिने होत आले…

पनवेलच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही बारा वर्षं एकाच टेबलाशी समोरासमोर बसलो. तो खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरातला. मला तो मास्तर म्हणायचा, कारण मी माणसांच्या बोलण्यातलेही ऱ्हस्व-दीर्घ तपासतो, असा त्याचा आरोप होता. तो पेन्सिलीने काढायचा, खोडायचा, पुन्हा काढायचा आणि दर खोडण्यामागे एक लांब फुंकर घालायचा. खोडरबराचा सगळा भुगा टेबल ओलांडून माझ्या लॅपटॉपवर! मी रोज चिडायचो. बटणं अडकतात, तुझ्यापायी एक दिवस हे मशीन बंद पडणार, वगैरे. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि सशाचा दुसरा कान खोडायला घ्यायचा.

मग एके दिवशी पन्नाशीतला हा माणूस टॅब घेऊन आला. "मास्तर, आता तुझ्या कीबोर्डात कचरा नाय पडणार," म्हणाला. किती खुशीत होता! आणि मी काय म्हणालो? हे नातवंडांचं खेळणं, यावर कोणी पोटापाण्याचं काम करतं का, आधी धड लॅपटॉप घे. त्याने ते हसण्यावारी नेलं. पण ते खेळणं नव्हतं. आठवड्याचं काम तो दोन दिवसांत करू लागला. गंमत म्हणजे काचेवर खोडलं तरी फुंकर घालायचाच. भुगा कुठंय, असं मी विचारलं की ओशाळायचा.

टेबलाची गरज मात्र त्याला उरली नाही. एसटी स्टँडवर, बांधावर, घरच्या ओट्यावर, कुठेही बसून काढायचा आणि चित्रं मेलने यायची. आधी आठवड्यातून दोनदा यायचा, मग पंधरवड्यातून एकदा, मग नाहीच. 'ये रे' एवढं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. चित्र आलं की मी फक्त 'मिळालं' असं लिहून पाठवायचो. खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला होता.

शेवटचा आला तो सुकटीची पुडी घेऊन. दारातच उभा राहिला.

"तूच बोललास ना, कचरा नको म्हणून? मग आता रागावलास कशाला?"

रागावलो कुठे, काम आहे, असं मी म्हटलं. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत तो जरा थांबला… आणि गेला. मी 'बस' म्हणालो नाही. याची मला आजही लाज वाटते.

गेल्या आठवड्यात सुमनवहिनी टॅब घेऊन आल्या. सतराव्या पानाचं चित्र त्यात अर्धवट होतं. त्यात एक सोय आहे, चित्र कसं होत गेलं ते पहिल्या रेघेपासून पुन्हा बघता येतं. आम्ही दोघं बघत बसलो. हात नाही, पेन्सिल नाही, नुसत्या रेघा उमटत होत्या. एक टेबल आलं. त्याच्या दोन बाजूंना दोन ससे, एकाच्या नाकावर माझ्यासारखा चष्मा. चष्मेवाल्याचा कान त्याने तीनदा खोडला होता. पण खोडलं की लगेच पुढची रेघ. तो फुंकर घालायला थांबायचा, ते थांबणं टॅबने टिपलंच नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, "घरी पण फुंकायचे. मी हसायची. तर बोलायचे, समोर मास्तर बसलाय असं वाटतं गो."

चित्र अर्धवटच छापू, असं मी म्हणालो.

त्या गेल्यावर मी माझा जुना लॅपटॉप उचलला, उलटा केला आणि काशिनाथच्या बाजूला टेबलावर हलकेच आपटला. बटणांखालून राखाडी भुगा पडला, चिमूटभर. सवयीने चिडायला तोंड उघडलं… मग उठून खिडकी लावली, पंखा बंद केला. भुगा अजून तिथेच आहे.