लपायला हुणसूरपर्यंत

दारू सोडण्यापेक्षा, ती सोडायला कुठे जायचं हे ठरवण्यातच माझा जास्त वेळ गेला. बायकोची अट होती: दर आठवड्याला दारू सोडणाऱ्यांची मीटिंग, नाहीतर ती लेकीकडे बेंगळूरुला निघून जाणार. माझीही एक अट होती. ओळखीच्या कुणालाही कळता कामा नये, आणि आमच्या गल्लीतल्या मराठी माणसांना तर मुळीच नाही. म्हैसूरमध्ये आम्ही मूठभर. पिढ्यानपिढ्या इथे राहून कन्नड शिकलो, पण एकमेकांच्या घरात डोकवायची खोड काही गेली नाही.

पहिली मीटिंग नजरबादला, माझ्या ऑफिसच्या मागच्या रस्त्यावर. जिना चढलो तर आमच्याच ऑफिसचा ड्रायव्हर खुर्च्या मांडत होता. “बन्नी सर, बन्नी!” लग्नाला आलेल्या पाहुण्याचं करावं तसं त्याने माझं स्वागत केलं. पत्ता चुकला म्हणालो आणि खाली उतरलो.

जयलक्ष्मीपुरमची मीटिंग इंग्रजीत होती. तिथे प्रत्येकाची ‘जर्नी’ होती. एक निवृत्त प्राध्यापक शुद्ध व्याकरणात रडले आणि डोळे पुसता पुसता कोण बघतंय याचा अंदाज घेत राहिले. मी पंचवीस वर्षं प्यायलो, पण इतका कंटाळा कधी आला नव्हता. चहाच्या वेळी एक बाई म्हणाल्या, “तुम्ही मराठी? माझा टेलर पण मराठीच. ओळखतो का तुम्हाला, विचारते हं.” त्या दिवसापासून तो रस्ताही बंद.

मग शोधून काढलं हुणसूर. तासाभराचा बसप्रवास, पण तिथे मला कुत्रंही ओळखणार नव्हतं. रविवारी सकाळी शाळेच्या एका वर्गात मीटिंग भरायची. मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून आम्ही बसायचो, तंबाखू पिकवणारे पाच-सहाजण आणि मी. एक जण दर रविवारी आपण चिखलात कसे पडलो तेच सांगायचा, बाकीचे दर रविवारी पहिल्यांदा ऐकल्यासारखे मान डोलवायचे. चहा म्हणजे नुसता पाक. माझी पाळी आली की ‘मी दारुडा आहे’ हे मी कन्नडमध्ये म्हणून टाकायचो, दुसऱ्या कुणाची तरी तक्रार नोंदवावी तसं. मनातल्या मनात सगळ्यांची टिंगल करत तीन महिने कोरडे काढले.

एका रविवारी दार उघडलं आणि आमच्या गल्लीतला शिंपी आत आला.

हा माणूस आमच्या विठ्ठलमंदिरात एकादशीचं भजन सांगतो. भजनात उभ्याने वीणा धरायची पाळी प्रत्येकावर येते. एकदा माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडाचा वास घेऊन यानेच “आज नको अण्णा” म्हणत वीणा पुढच्या माणसाकडे दिली होती. हळूच म्हणाला होता, पण सगळ्यांना कळलं होतं. आता तोच बाकावर अंग चोरून बसला होता. त्याची पाळी आली तेव्हा कळलं, एरवी तो बुधवारी यायचा, तीन वर्षं येत होता. त्या आठवड्यात बुधवार चुकला म्हणून रविवारी आला होता. म्हणजे एकाच गल्लीतले आम्ही दोन शहाणे, एकमेकांपासून लपायला तास तास बसचे धक्के खात होतो!

मी त्याच्याकडे बघून हसलो. चांगलं हसलो नाही.

बसस्टँडवर तो मागे मागे आला. “अण्णा, देवळात सांगू नका, दयविट्टु, हात जोडतो. मुलीचं लग्न बघतोय आम्ही.”

“बघू,” मी म्हणालो. परतीच्या बसमध्ये तो एक शब्द मी चघळत बसलो. ग्लासाशिवाय इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

नंतरच्या एकादशीला बायको देवळातून लवकर परतली. “भजन धड झालंच नाही. शिंप्यांना ज्वर आलाय म्हणे. दहा दिवस दुकान बंदच आहे.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “आपल्याकडे पण यायचा तसा ज्वर, अल्वा? नाही का?” मी पिऊन पडलो की ती ऑफिसला हाच ज्वर कळवायची.

हा ज्वर कसला ते मला कळलं. त्याची तीन वर्षं मी एका शब्दात मातीत घातली होती. पिऊन गटारात लोळलो होतो तेव्हाही स्वतःची इतकी घाण वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दाराशी गेलो. नळावर चार बाया होत्या, चारही आमच्यातल्या. त्याची बायको दार अर्धंच उघडून म्हणाली, “ज्वर आहे अण्णा. झोपलेत.”

बरं म्हणून परत फिरता आलं असतं. कळशी भरून वाहत होती आणि नळ बंद करायचं भान कुणालाच नव्हतं.

“वैनी, त्यांना एक निरोप द्या,” मी म्हणालो. “मी बेवडा आहे. दारू सुटावी म्हणून दर रविवारी हुणसूरला मीटिंगला जातो. एकट्याला जायचा कंटाळा येतो. मला सोबत हवी आहे.”

हे मी मराठीत पहिल्यांदाच म्हणत होतो. आवाज खाली आणला नाही. कुणीतरी नळ बंद केला. वैनींनी पदर तोंडाला लावला. मग आत खाट करकरली.

“किती वाजताची बस, अण्णा?”

मी वेळ सांगितली, नळापर्यंत ऐकू जाईल अशी.