न उलटायचं धिरडं

"पाहून राहिली ना मी!" कुणी काही सांगायला तोंड उघडलं, की काकूंचं हे उत्तर तयार असे. कुकर, नळ, खालचं फाटक, सगळ्यांवर त्यांची एकटीची नजर. रामदासपेठेतल्या आमच्या इमारतीत त्या समोरच्या दारात राहायच्या, काका गेल्यापासून एकट्याच.

आणि नेमकं अशा बाईच्या हातून एकदा दूध गॅसवर राहून गेलं. धूर जिन्यापर्यंत आला. मुलगा पुण्याहून धावत आला, शेगडी काढून टाकली, आपोआप बंद होणारा ओव्हन आणून ठेवला आणि बजावून गेला, "आता काही झालं तर तुले पुण्याले नेतो."

काकूंना त्या नावानंच धडकी भरायची. "तिथं मी काय करू वं? दिवसभर गॅलरीत बसू?"

मग मी त्यांना ओव्हनमधलं सोपं गोड धिरडं शिकवलं. माझी मुलगी त्याला पॅनकेक म्हणते. अंडी, दूध, मैदा फेटायचा, ओव्हनमध्येच तापलेल्या भांड्यात लोणी सोडून ओतायचा, दार लावायचं. संपलं.

"उलटायचं नाही?"

"नाही."

"मंग त्याले धिरडं काहून म्हणायचं?"

पण जमलं त्यांना. काचेसमोर स्टूल घेऊन बसायच्या आणि ते टम्म फुगलं की मला हाक मारायच्या. तेव्हा त्या मला फार आवडायच्या.

पुढच्या खेपेला मुलगा आला तो परीक्षा घ्यायलाच. नाश्ता आईनं एकटीनं करायचा, मध्ये कुणी बोलायचं नाही. काकूंनी मला धीराला बोलावलं होतं. भांडं आधीच ओव्हनमध्ये ठेवलेलं. आमच्याकडे पाठ करून त्या अंडी फोडत होत्या, एकाचं कवच आत पडलं. मुलाला नुसतं बसवेना, म्हणून तो ओटा पुसू लागला. मी काकूंच्या हातांकडेच बघत होते. त्यांनी बटण फिरवलं.

थोड्या वेळानं वास आला. लोण्याचा नव्हता. काचेआड काळा धूर दिसला. मुलानं झटकन बटण बंद करून दार उघडलं. आत पापडाचा प्लास्टिकचा डबा वितळून जाळीला चिकटला होता.

माझ्या मनात एकच आलं: आता पुणं.

मुलाच्या हातात फडकं तसंच होतं. त्याचा चेहरा उतरला. "आई, मीच ठेवला वं. ओटा पुसता पुसता."

तुम्हाला नवल वाटायला नको. आपल्या घरांत ओव्हन म्हणजे पापड-कुरड्यांचं कपाटच. तोही तसाच वाढलेला, सवयीनं हात तिकडे गेला. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

काकू मात्र त्याच्याकडे बघत राहिल्या. "माझ्यासाठी खोटं नको बोलू गा. मीच ठेवला असंल. मले आता आठवत नाही."

"आईची शपथ, मीच ठेवला!"

त्यांनी नुसती 'नाही' अशी मान हलवली. मला रडू आलं.

मुलानं जाळी खरवडली, भांडं पुन्हा तापवलं आणि पिठाचं पातेलं त्यांच्यापुढे धरलं. "ओत, आई." काकूंनी दोन्ही हात पदरात घेतले. "तूच ओत गा."

धिरडं छान फुगलं. बघायला स्टुलावर कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात त्या पुण्याला निघाल्या. मुलगा दारात त्यांची बॅग अडवून धरून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आई, राह ना वं इथंच." काकू चपला घालून कधीच्या जिन्यात उभ्या होत्या.