साडूंचा ऐंशीचा वेग

इंदुरात आमच्या साडूंइतकी बेफाम गाडी कोणी चालवली नाही, असं आमच्या नात्यातलं कुणीही छातीला हात लावून सांगेल. लग्नाकार्यांत ते सर्वांत रंगवून मीच सांगत आलो. परवा त्यांच्या वर्षश्राद्धाला नातू पाहुण्यांना अभिमानानं म्हणाला, "आजोबा एकदम रॅश चालवायचे," आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला. आता साडू आणि त्यांची बायको, दोघंही हयात नाहीत. मीही काठी टेकत चालतो. खरं काय ते लिहूनच ठेवणार आहे.

गाडी जपानी, जपानहून परतलेल्या एका इंजिनिअरकडून घेतलेली. बडा गणपतीजवळच्या त्यांच्या गल्लीत ती शिरली की दोन्हीकडचे ओटे अंग चोरून उभे राहत. पेट्रोलचा काटा चढावर टाकी भरलेली दाखवी आणि उतारावर रिकामी, म्हणून साडू उतरून गाडी गदागदा हलवत आणि आतलं पेट्रोल कान लावून ऐकत. घड्याळ फक्त वायपर चालू असतानाच चाले, त्यामुळे त्यांच्या गाडीत वेळ पावसाळ्यातच काय ती पुढे सरके. दार नीट लागलं नाही की डॅशबोर्डमधून एक बाई जपानीत काहीतरी अदबीनं सांगे. साडूही तितक्याच अदबीनं, "हाँ बाईजी, लगा रिया हूँ," म्हणत. दुरुस्तीचं काढलं की मला म्हणायचे, "साडूभाऊ, माणसाला स्वभाव असतो, मग गाडीला नको?"

वेगाचा काटा शून्यावर कायमचा झोपलेला. त्याचं काम ताई करत. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. त्या बोलता बोलता गप्प झाल्या की चाळीस, "अहो" म्हणाल्या की पन्नास, डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला की साठ, आणि बड्या गणपतीला नारळ कबूल केला की ऐंशी. नारळ ऐकला की साडू पाय सैल करत, त्यापुढे कधी जात नसत. तो फोडायला जायचं तेही याच गाडीनं, म्हणजे परतताना दुसरा कबूल होई. "जीव मुठीत धरून आले हो," ताई घरोघर सांगत आणि साडू मिशीत हसत.

ताई गेल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, आई होती म्हणून तुम्हाला आवरायची. आता गाडी विकू."

साडूंनी गाडी सोडायची नाही असं पक्कं ठरवलं. भंवरकुआं भागातल्या मिस्त्रीकडून वेगाचा काटा पहिल्यांदाच नीट करून घेतला. "पोराला काट्यावर दाखवतो, साठच्या वर जाणार नाही म्हणजे नाही." आधी सराव म्हणून सांवेरच्या रस्त्याला निघाले आणि ताईंच्या जागी मला बसवलं. सोयाबीनची शेतं लागल्यावर म्हणाले, "हा ऐका इंजिनाचा आवाज. आपला ऐंशीचा. तुमच्या ताई असत्या तर आता नारळ."

काटा अडतीसवर होता. शेजारून एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला.

"मिस्त्रीनं चुकवलं," साडू म्हणाले. मी मोबाइलच्या नकाशात वेग पाहिला. अडतीस.

त्यांनी गाडी कडेला घेतली. "म्हणजे ती अडतीसला एवढी घाबरायची," ते म्हणाले. मग माझ्या सीटकडे बघत, "आणि तरी दर वेळी येऊन बसायची."

रविवारी पोहे खाताना मुलानं विचारलं, "मग बाबा, काय दाखवतोय तुमचा काटा?" मी तोंड उघडणार तोच साडूंनी टेबलाखाली माझा पाय दाबला.

"तुझंच खरं," ते म्हणाले. "जोरातच चालवतो मी. विकून टाक."

बाहेर आल्यावर मी चिडलो. "एका शब्दात गाडी राहिली असती."

"राहिली असती. आणि पुढच्या लग्नात तुम्ही काय सांगितलं असतंत? अडतीसला नारळ बोलणारी बाई? माझ्यावर हसा हवं तेवढं. तिच्यावर नाही."

ते मला ओळखून होते.

गाडी गेली. पुढे आम्ही दोघं कुठेही रिक्षानं जायचो. रिक्षानं जरा वेग घेतला की साडू पुढे वाकून हळूच म्हणत, "भिया, जरा धीरे. घरवाली डरती है." रिक्षावाला आरशात बघे. मागे आम्ही दोघं म्हातारेच असायचो. पण तो वेग कमी करी.