मुंजोबाचा प्लॉट

मी कॉलेजात भूगोल शिकवतो, आणि आमच्या शेतातला देव मीच हरवला.

कुंभकोणमहून नाचियार्कोविलला जाताना डाव्या हाताला आमचं भातशेत होतं. चारी बाजूंनी घरं उठली, कालव्याचं पाणी अडलं, तेव्हा अप्पांनी (माझे वडील, वय ब्याऐंशी) शेत विकायला होकार दिला. अट एकच.

"आपला मुंजोबा आहे तेवढी जागा सोड म्हणावं. बाकी घेऊं दे."

पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरला आले, तेव्हापासूनचा हा मुंजोबा. एक काळा दगड! दरवर्षी पेरणीआधी अप्पा त्याला दूध घालायचे.

व्यवहार झाला, जेसीबी फिरला आणि प्लॉट पाडणाऱ्या प्रमोटरचा फोन आला, "सर, तुमचा देव कुठला?" अप्पांचा गुडघा सुजलेला, म्हणून मी गेलो. (लहानपणापासून मी शेतात जायचो ते फक्त पोंगल खायला!) सपाट मैदानात एक दगड हळद-कुंकू लावून ऐटीत उभा होता.

"हाच!"

"नक्की ना, सर?"

"अहो, मी भूगोलाचा माणूस!"

त्या भल्या माणसाने दगडाभोवती कठडा बांधला, वर टाइल्सही लावल्या. मी खूश होऊन घरी आलो.

पुढच्या वर्षी पेरणीच्या दिवसांत अप्पा दुधाचा तांब्या घेऊन निघाले. शेताच्या जागी आता कमान, डांबरी रस्ते, गुलाबी घरं. कठड्यापाशी ते थबकले.

"हें काय रे?"

"मुंजोबा, अप्पा."

"ब्रह्मचाऱ्याला कुंकू? आपण कधी लाविलंय?" ते वाकले. "अय्यो! वर बाण कोरलाय. हा सर्व्हेचा दगड!"

(भूमिपूजनाच्या दिवशी प्रमोटरनेच त्याला हळद-कुंकू वाहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं.)

अप्पा कालव्याच्या बाजूला चालू लागले. मी मागे. एका नव्या घराच्या दारात ते थांबले. दार उघडणाऱ्या बाईंना त्यांनी तमिळमध्ये विचारलं, "त्या मागच्या कोपऱ्यात काय आहे, अम्मा?"

"बाथरूम, ऐया."

म्हणजे खरा मुंजोबा त्या बाथरूमखाली! मला तर रडूच कोसळायच्या बेतात होतं. एवढ्यात बाईंनी दूध पाहिलं. नव्या घरी वडीलधारं माणूस दूध घेऊन आलं, केवढा शुभशकुन! त्यांनी तांब्या काढून घेतला, आग्रहाने आम्हाला बसवलं आणि दहा मिनिटांत मुंजोबाच्या दुधाची वाफाळती फिल्टर कॉफी समोर ठेवली!

अप्पांनी ती प्यायली. साठ वर्षं जिथे चिखल तुडवला, तिथे ते परक्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसले होते, पायाखालच्या फरशीकडे बघत. इतकं अपराधी मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"हे तुमचे कोण?" बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं.

अप्पांनी टंबलर खाली ठेवला. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"ब्रोकर," म्हणाले.